शनिवारची तिसरी चांदणी

रूबेनकाकांची दुर्बीण अर्धवट राहिली आहे, असं आमच्या आळीत सगळ्यांचंच मत होतं. अंगणात विहिरीच्या बाजूला ती उभी असायची. खाली भाताच्या गिरणीतल्या जुन्या पुलीवर फिरणारी लाकडी पेटी, पेटीतून वर गेलेले वायरिंगचे सहा पाईप आणि पाइपांच्या टोकाला एक लाकडी कडं. मधे काहीच नाही. आरपार फणस दिसायचा.

"काका, पत्रा कधी मारताय?" येणारा-जाणारा विचारायचा.

"पत्रा मारायचा नसतो."

"असं? बरं बरं," असं म्हणून माणूस आवाज खाली आणायचा आणि निघून जायचा, आजाऱ्याच्या घरून निघावं तसा. समोरच्या गजाननने तर एक दिवस गोठ्याचा उरलेला पत्रा डोक्यावर घालून आणला आणि काही न बोलता भिंतीला टेकवून ठेवला. काकांनी तो ठेवून घेतला. त्याचं कोंबड्यांचं खुराडं झालं.

माझ्या वडिलांची धाटावच्या कारखान्यात बदली झाली तेव्हा आम्ही रोह्याला काकांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो. मी ठाण्याच्या इंग्रजी शाळेत दहावी केलेली. मला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची वेळ आली की वाक्य मनात आधी जुळवावं लागायचं, आणि जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतलं मोठं कुठलं, हे मला आजही थांबून आठवावं लागतं. त्यामुळे मी गप्प असे. आळीतल्या बायका आईला विचारायच्या, "पोरीला बरं नाय काय गो?" काकांनी मात्र पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "कमी बोलते ती. बेअरिंग चांगलं असलं की आवाज नाय करत."

काका गिरण्यांचे फिटर होते. पेणपासून माणगावपर्यंत कुठे भाताची गिरण बंद पडली की काकांना बोलावणं यायचं. गिरणीचा पट्टा जरा जरी तिरका चालला तरी तांदूळ तुटतो, त्याची कणी होते. काका निवृत्त झाले होते, पण जगात जे काही बिघडायचं त्याला त्यांच्याकडे एकच शब्द होता. रश्श्यात मीठ जास्त पडलं, कणी पडली. दिल्लीत सरकार पडलं, कणी पडली. भाच्याचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही ते बराच वेळ विहिरीत बघत बसले आणि तेवढंच म्हणाले.

काका बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. इथे त्यांना जुनी माणसं शनवार तेली म्हणत, कारण पूर्वी ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. काकांनी तेल कधी गाळलं नव्हतं, शनिवार मात्र पाळला होता. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शब्बाथ सुरू. मग चूल नाही, पान्हा नाही, प्रवास नाही. शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ संपला. काका लवंगा हुंगायचे, सगळ्यांना हुंगायला द्यायचे, मनुकांचं सरबत घ्यायचे, आणि मग एस्तरकाकू दिवसभर अडलेला चहा ठेवायच्या.

एके काळी आळीत त्यांची बरीच घरं होती. एकेक करून सगळे इस्रायलला गेले. काकांचे दोन्ही भाऊ गेले, नंतर मुलगा गेला. प्रार्थनेच्या जागेला ते मशीदच म्हणत. तिथे सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. काका एकटे होते. किल्ली त्यांच्याकडे होती. दर शुक्रवारी सकाळी जाऊन ते झाडून यायचे. "शनवार नीट मिटवल्याशिवाय रविवार उघडायचा नाय," असं ते म्हणायचे. पूर्वी हे मिटवायला चार घरांतली माणसं अंगणात उभी असायची. आता ते एकटेच मान वर करून उभे राहायचे, आणि त्यांना चांदण्या दिसेनाशा झाल्या होत्या.

पेणच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. "पिकला नाही अजून," ते म्हणाले. "पिकला की काढू."

"आंबा हाय का?" काकांनी विचारलं, आणि आढीत घालता येतो का हेही विचारलं. डॉक्टर हसले. काका हसले नाहीत.

आता चांदण्या मोजणार कोण? काकूंचे डोळे उत्तम होते, पण त्यांची साक्ष काकांनी कधीच बाद केली होती. चहाची तलफ आली की काकू स्वयंपाकघरातूनच ओरडायच्या, "झाल्या हो तीन!" एकदा त्यांनी असं सांगितलं तेव्हा गुरंसुद्धा घरी यायची होती. गजाननला विचारलं तर तो मायेने सांगायचा, "काका, तीन काय घेऊन बसलाव? धा झाल्या!" वर हात करून तो दाखवायचा तिथे आकाश निळं असायचं.

"लोक प्रेमानं जास्त मोजतात," काका म्हणाले. "प्रेमाला काय करायचंय? मला तीन हव्यात."

पावसाळ्यात आकाश दिसत नाही. तेव्हा ते घड्याळ मानायचे, पण दंड म्हणून वर पाव तास थांबायचे. मग बाकीचे महिनेही घड्याळच का नाही, असं माझ्या वडिलांनी एकदा विचारलं. "घड्याळ हे औषध हाय," काका म्हणाले. "जेवण नाय."

त्यांनी ठरवलं, डोळा कमी पडतो तर डोळा मोठा करायचा.

मुंबईत जुनी जहाजं मोडतात त्या दारूखान्यातून त्यांनी जुन्या बोटीच्या खिडकीच्या दोन जाड गोल काचा आणल्या, आणि रद्दीवाल्याकडून एक इंग्रजी पुस्तिका. इंग्रजी त्यांना मशीनवरच्या पाट्यांपुरतं यायचं, म्हणून वाचायला मी. मी वाचायचे आणि सावकाश मराठी करून सांगायचे. काका घाई करायचे नाहीत. माझी जुळवाजुळव चालू असताना कोणी मधे वाक्य पुरं केलं नाही, असं ते पहिलंच अंगण. पुस्तिकेत दर दुसऱ्या पानावर धीर धरा असं लिहिलं होतं. ते आलं की काका म्हणायचे, "हे ठाऊक हाय. पुढं वाच."

एक काच पिंपावर बसवायची, तिच्यावर पाणी आणि एमरीची पूड टाकायची, वर दुसरी काच ठेवून पुढे-मागे घासायची, आणि घासता घासता पिंपाभोवती फिरायचं. घासून घासून वरची काच खोलगट होते; या दुर्बिणीत भिंगाऐवजी असा खोलगट आरसाच चांदणीचा उजेड गोळा करतो. एमरी काकांच्या ओळखीची होती, तांदूळ सडायच्या दगडाला तीच असते. सहा-सात महिने ते रोज सकाळी पिंपाभोवती फिरले, शनिवार सोडून. भाजी विकायला येणारी ठाकरीण टोपली उतरवून बघत बसायची. एकदा तिने विचारलं, "कंच्या देवाला फेऱ्या घालतंस बाबा?"

"अजून ठरलं नाय," काका म्हणाले.

काच घासून, मग राळेच्या थरावर तांबड्या पुडीने चकचकीत करून झाली. आरसा व्हायला तिच्यावर चांदीसारखा मुलामा लागतो. तो मुंबईला एका कारखान्यात होणार होता. पत्ता इंग्रजीत होता म्हणून मीही गेले. परतताना पावसाने खोका भिजून फाटला. काकांनी आरसा काकूंच्या पिवळ्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही हातांवर छातीशी धरला. पेणला आम्ही रोह्याची एसटी पकडली. गणपती महिन्यावर आलेले. पेणच्या स्टँडवर छातीशी धरलेली, तोंडावर फडकं टाकलेली वस्तू म्हणजे काय, हे तिथे कोणाला विचारावं लागत नाही.

"या या, पुढं या," कंडक्टर म्हणाला. "ओ भाऊ, उठा, बाप्पा आलेत."

"बाप्पा नाय. आरसा हाय," काका म्हणाले.

"मखराचा असंल. बसा तुम्ही. कुठनं आणलाव?"

"मुंबईहून."

गाडीतल्या माना आमच्याकडे वळल्या. अख्खी मुंबई पेणहून गणपती नेते. गाड्या भरभरून जोह्याहून, हमरापूरहून मूर्ती जातात.

"मुंबईहून पेणला?" कंडक्टरने तिकिटाचा पंच थांबवला. "हे म्हणजे उलटंच झालं."

"तिकडं फॅशनचे मिळत असतील," मागून एक बाई म्हणाल्या.

काकांनी तीनदा सांगितलं की आरसा आहे. रोह्याला उतरताना त्या बाईंनी टॉवेलला बोटं लावून कपाळाला लावली. खाली उतरल्यावर काका मला म्हणाले, "मी खरं ते सांगितलं. आता बसायला दिलं तर उभं राहू का?"

दिवाळीनंतर सांगाडा झाला. बंद नळीपेक्षा उघडा बरा, असं पुस्तिकेत होतं. पाईप सोडवले की पेटी आणि आरसा आत ठेवता येतो. माघ लागायच्या सुमारास एका बुधवारी काकांनी शेवटचा नट आवळून बघितला आणि पुन्हा सोडवला. काकू ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"जोडणार कधी ही?" काकूंनी विचारलं.

"शनवारी संध्याकाळी."

"चांदण्या दिसायच्या आधी की नंतर?"

काका थांबले. नट आवळणं हे काम आहे. शब्बाथ संपेपर्यंत काम करता येत नाही. शब्बाथ संपला की नाही ते बघायला दुर्बीण लागणार, आणि दुर्बीण जोडायला शब्बाथ संपलेला लागणार. इतके महिने पिंपाभोवती फिरताना हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. काकूंच्या बहुधा पहिल्या दिवसापासून लक्षात होतं.

काकांनी पान्हा खाली ठेवला. "कणी पडली," ते म्हणाले.

काकू शेंगा सोलत राहिल्या.

पण काका फिटर होते. गुरुवारी सकाळी त्यांनी उपाय काढला. एखादी चांदणी आज ज्या जागी दिसते त्याच जागी ती उद्या पुन्हा येते, फक्त जराशी लवकर. म्हणजे गुरुवारी सूर्य बुडताच दुर्बीण व्याधाच्या चांदणीवर लावायची, सगळे नट आवळायचे आणि शनिवारपर्यंत कोणीही हात लावायचा नाही. चांदणी आपल्या पायांनी दुर्बिणीत येईल, तिच्या मागोमाग आणखी दोन. बघणं हे काम नव्हे.

त्या दोन दिवसांत अंगणातली कपड्यांची दोरी उतरवली गेली. कोंबड्या गजाननच्या पत्र्याखाली कोंडल्या. पोरांचं क्रिकेट बंद झालं. दार आपटू नका, असं माझ्या आईला नम्रपणे सांगण्यात आलं. उन्हाने आग लागू नये म्हणून आरशावर पातेल्याचं झाकण ठेवलं होतं. ते शनिवारी काढावं का, यावर काकांनी विचार केला आणि निर्णय दिला, "जेवताना भांड्याचं काढतोच की." शुक्रवारी दुपारी वरच्या कड्यावर कावळा येऊन बसला. शब्बाथ लागायला वेळ होता, पण जवळ जाऊन धक्का लागला असता तर सगळं फुकट. काका ओट्यावरूनच हुश हुश करत राहिले. कावळा पाइपांच्या मधून इकडून तिकडे बघत राहिला.

शनिवारी आम्ही सगळे अंगणात. माडाच्या शेंड्यांवर ऊन होतं. काकांनी सहज सवय म्हणून वरच्या कड्यातल्या भिंगाला डोळा लावला आणि तसेच वाकून राहिले.

"दिसली," ते म्हणाले.

घरात काडेपेटी वाजली.

"अगो थांब! सूर्य हाय अजून."

"चांदणी दिसली म्हणालाव ना?" काकू दारात आल्या.

"दिसली."

"मग?"

"सूर्यपण दिसतोय."

"सूर्य मोजायचा नसतो. चांदण्या मोजायच्या असतात. अजून दोन शोधा, मी आधण ठेवते."

काका सरळ झाले. मोठ्या आरशात चांदणी उन्हातही दिसू शकते. पुस्तिकेत तसं एक वाक्य होतं आणि मी ते वाचूनही दाखवलं होतं. पण धीर धरा आणि पुढं वाच यांच्या मधे ते कुठेतरी निघून गेलं होतं.

"म्हणजे चांदण्या दिवसापण असतात?" काकूंनी विचारलं.

"असतात."

"मग इतकी वर्षं आपण कशाची वाट बघत होतो?"

काका पायरीवर बसले. काकूंनी काडेपेटी कमरेला खोचली आणि त्याही पायरीवर बसल्या. मग काका म्हणाले, "शब्बाथ माणसाच्या डोळ्यासाठी हाय. आरशाच्या नाय." एवढं बोलून उठून त्यांनी आरशावर झाकण ठेवलं आणि माझ्याकडे वळले.

"मीनल, तुला काय दिसतं?"

"नुसत्या डोळ्यांनी?"

"नुसत्या."

मी सगळं आकाश बघितलं. "काही नाही."

काकांचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत त्यांना मिळालेला तो पहिलाच कमी आकडा होता. पुढे अंधारत गेलं तशी मी एक म्हणाले, मग दोन. नारळामागे एक होती, ती धरू का विचारलं. "हलते काय?" नाही म्हटल्यावर त्यांनी धरली. "तीन," मी म्हणाले. तीनपर्यंत मराठी आकडे मला बिनचूक येत होते.

"ती कुठं तुमच्यातली?" गजानन कुंपणावरून म्हणाला.

"साक्षीला खरं बोलणारा लागतो," काका म्हणाले. "जात कुणी इचारली?"

त्यानंतर वर्षभर, पावसाळा सोडून, शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात उभी राहायचे. काका शेजारी, हातात लवंगांची डबी. शुक्राची चांदणी धरायची नाही, ती फार लवकर येते आणि तारा नव्हे. इतर दिवशी दुर्बीण सगळ्यांसाठी उघडी होती. गजाननने शनीची कडी बघितली, मग पाइपांच्या मधून हात घालून आत चित्र लावलंय का ते चाचपलं. "असं असतंय?" तो म्हणाला. "मग आमच्या मागं लागतो तो वेगळा असंल."

पुढच्या मार्गशीर्षात काकांच्या मुलाने तिकिटं पाठवली. नातू झाला होता. डोळ्याचं ऑपरेशनही तिकडे होणार होतं. काकूंनी महिनाभर आधी सामान बांधलं. विमान रविवारी पहाटे होतं, म्हणजे शनिवारी संध्याकाळी रोह्याहून निघायलाच हवं. मशिदीची किल्ली काकांनी पेणच्या एका नातेवाइकाकडे पोचवली. गजाननची जीप ठरली.

"तिसरी चांदणी दिसली की निघू," काकांनी गजाननला सांगितलं. त्याआधी सामानसुद्धा जीपमध्ये चढवायचं नव्हतं. कोणीच चढवायचं नव्हतं.

त्या शनिवारी नेमकं मळभ आलं. गजाननला त्याच्या वालाच्या शेंगांची काळजी, त्यात विमानाची. आळीतली सगळी माणसं अंगणात जमली होती. दुर्बिणीतला आरसा शुक्रवारीच काढून पिवळ्या टॉवेलात गुंडाळून ट्रंकेवर ठेवला होता. नुसते पाईप उभे होते. दक्षिणेकडे ढगांत एक फट होती. तिच्यात व्याध दिसला, मग बऱ्याच वेळाने खाली अगस्ती. मग काही नाही.

"आज ढग हायत. घड्याळ लावा ना काका," गजानन म्हणाला.

"दोन दिसल्या म्हणजे आकाश उघडं हाय. आता घड्याळ चालत नाय."

गजाननने जाऊन जीप चालू केली आणि हॉर्न वाजवला. कोणीतरी म्हणालं, "ती बघा तिसरी!" लगेच चार-पाच हात वर गेले, चार-पाच दिशांना. "झाल्या काका, तीन झाल्या! चला!" गजानन तर म्हणाला, "मला पाच दिसतायत." सगळ्यांना त्यांचं विमान मिळावं असं मनापासून वाटत होतं.

काका माझ्याकडे वळले. "तू बोल."

सगळी आळी माझ्याकडे बघायला लागली. मला लोकांनी बघितलेलं आवडत नाही.

"दोन," मी म्हणाले.

"अगो पोरी, विमान जाईल त्यांचं!" गजानन ओरडला.

तेव्हा काकू पायरीवरून उठल्या. महिनाभर आधी सामान बांधलेल्या काकू अंगणाच्या मधोमध आल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळं आकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"दोनच हायत," त्या म्हणाल्या. "बसा सगळे." आणि ट्रंकेवर आरशाशेजारी बसल्या.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग तेही बसले. काकूंची साक्ष ग्राह्य धरली गेलेली मी तेवढीच बघितली. गजाननने जीपचं इंजिन बंद केलं. कोंबड्या पत्र्याखाली खुडबुडत होत्या. काकू घराच्या दाराकडे बघत होत्या, काका वर, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि मी त्या दोघांच्या मधे उभी राहून ढग बघत होते.

ढग माथ्यावरून सरकला. मृगातली एक तांबूस चांदणी बाहेर आली. ती हलत नव्हती.

"तीन," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल."

"तीन!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे आईलाही माहीत नव्हतं. काकांनी लवंगांची डबी उघडली, स्वतः हुंगली, काकूंना दिली, मला दिली, मग अंगणातल्या एकेकाला. गजाननने हुंगून दोन लवंगा तोंडात टाकल्या. सरबत झालं. चहा राहिला. मग एकदम धावपळ उडाली, सामान चढलं, काकू मागे बसल्या, काका पुढे. आरसा त्यांनी मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी छातीशी धरून.

मी आळीच्या तोंडापर्यंत गेले. नाक्यावर म्हशी आडव्या आल्या आणि जीप वडेवाल्याच्या गाडीपाशी थांबली. माघी गणपती चार दिवसांवर आले होते. वडेवाल्याने जीपमध्ये वाकून बघितलं, झारा खाली ठेवला आणि हात जोडले. काकांची मान खिडकीतून बाहेर आली. एवढ्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण ते काय म्हणाले ते मला माहीत होतं. वडेवाल्याने समजुतीने मान हलवली, पुन्हा हात जोडले, आणि जीप पेणच्या रस्त्याला लागली.